एस्टोनियन खाद्यसंस्कृती आणि राष्ट्रीय अस्मिता

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील एस्टोनिया या देशातील लोकांचा आहार, अन्नविषयक चालीरीती व समजुती आणि त्यांच्या आधारे घडत गेलेली राष्ट्रीयत्वाची जाणीव यांचा विचार या विषयात होतो. सुमारे ४५,३०० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या व तेरा-चौदा लाख लोकवस्तीच्या या देशावर तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत डॅनिश, जर्मन, पोलिश, स्वीडिश व रशियन सत्ता एकामागून एक नांदल्या. १९१८ ते १९४० व १९९१ नंतर एवढेच काय ते स्वतंत्र राज्याचे कालखंड होत. राजदरबार किंवा स्वकीय सरदारवर्ग नसल्यामुळे एस्टोनियनांची स्वतःची अशी दरबारी पाकपरंपरा निर्माण झाली नाही. शेतकऱ्यांचा आहार हीच त्यांची परंपरा होय. भूदासत्वाच्या काळात जे अन्न दारिद्र्याचे व हीनत्वाचे लक्षण समजले जाई, तेच पुढे राष्ट्राचे चिन्ह ठरले. हे स्थित्यंतर या खाद्यसंस्कृतीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना मानावी लागेल.

भौगोलिक पार्श्वभूमी : एस्टोनिया हा सखल, दलदलींचा व अरण्यांचा प्रदेश असून त्याची सुमारे निम्मी भूमी वनाच्छादित आहे. उन्हाळा अल्पकाळ टिकणारा आणि हिवाळा दीर्घ व हिमाच्छादित असल्याने वर्षातील थोड्या महिन्यांत पिकवलेले अन्न उरलेल्या महिन्यांसाठी टिकवणे, ही येथील स्वयंपाकाची मूळ समस्या होती. खारवणे, धुरावणे, सुकवणे व आंबवणे या चार प्रक्रियांवर पारंपरिक आहार उभा आहे. राय व जव ही मुख्य धान्ये. राय हे गव्हाच्या जवळचे पण थंड हवा व निकस जमीन सोसणारे तृणधान्य असून त्याचे पीठ काळपट असते. किनाऱ्यावर व सारेमा, हीउमा, मुहू, किह्नू इ. बेटांवर मासेमारी, तर अंतर्भागात शेती व पशुपालन असे व्यवसाय विभागलेले होते. अरण्यांतून रानफळे, अळंबी, मध व वसंतऋतूत भूर्ज वृक्षाचा गोड रस मिळे. दुष्काळात अरण्य हेच शेवटचे आश्रयस्थान असे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : या प्रदेशातील जवाची लागवड फार प्राचीन आहे. हिवाळी रायचे पीक अकराव्या शतकाच्या सुमारास स्थिरावले आणि कालांतराने त्याने जवाला मागे टाकले. तेराव्या शतकाच्या आरंभी जर्मन व डॅनिश धर्मयोद्ध्यांनी देश जिंकल्यानंतर जमिनीचे स्वामित्व परकीय सरदारांकडे गेले आणि पुढील दोन-तीन शतकांत स्थानिक शेतकरी भूदास बनला. टॅलिन (जुने नाव रेव्हाल) हे बंदर हॅन्सिॲटिक संघात सामील झाल्यावर येथून राय पश्चिमेकडे जाऊ लागली व परत येणाऱ्या जहाजांतून मीठ येऊ लागले. टॅलिन शहर मिठावर उभारले गेले, असे म्हणण्याचा प्रघात त्यावरूनच पडला.

एस्टोनियन शेतकऱ्याचे घर हेच धान्य वाळवण्याचे ठिकाण होते. ‘रेहिएलामु’ या घरप्रकारात मधल्या मोठ्या खोलीत धुराडे नसलेली भट्टी असे. शरद ऋतूत छताखालील आडव्या वाशांवर पेंढ्या रचून त्या धुराच्या उष्णतेने वाळवीत, शेजारच्या खळ्यात मळणी करीत आणि हिवाळ्यात कुटुंब त्याच खोलीत राही. अशा रीतीने धुरावलेली राय दीर्घकाळ टिके, तिला कीड लागत नसे. त्यामुळे परदेशी बाजारात तिला मान होता. सतराव्या शतकात हा प्रदेश स्वीडनच्या सत्तेखाली असताना तो स्वीडनचे धान्याचे कोठार म्हणून ओळखला जाई. तथापि, याच कोठारात १६९५–९७ या वर्षांत अतिवृष्टी व थंडीमुळे पिके बुडून भीषण दुष्काळ पडला. सुमारे ७०,००० माणसे, म्हणजे लोकसंख्येचा जवळजवळ पाचवा भाग, त्यात मृत्युमुखी पडली असे मानतात. धान्य पिकवणारा उपाशी व धान्य विकणारा दुसराच, ही विसंगती एस्टोनियन लोकस्मृतीत खोल रुतली. अन्नाविषयीच्या त्यांच्या आदरभावामागे हा अनुभव आहे.

काळा पाव : रायच्या पिठाचा आंबवलेला काळा पाव म्हणजे ‘लेइब’ हा एस्टोनियन आहाराचा केंद्रबिंदू होय. गव्हाच्या पांढऱ्या पावाला ‘साइ’ असे वेगळे नाव असून हे दोन्ही एकाच पदार्थाचे प्रकार आहेत, असे एस्टोनियन भाषा मानीत नाही. मासे, मांस, लोणी, दही यांपैकी पावाबरोबर जे काही खाल्ले जाई, त्या सर्वांना ‘लेइवाकर्वने’, म्हणजे ‘पावासोबतचे’ असा एकच शब्द होता. जेवण म्हणजे पाव आणि बाकी सारे तोंडीलावणे, अशी ही समजूत आहे. मराठीत ‘भाकरी’ या शब्दाला उपजीविकेचा अर्थ आला, तसाच तो ‘लेइब’ या शब्दालाही आलेला आहे.

पीठ लाकडी काथवटीत भिजवीत. काथवट कधी धूत नसत. तिच्या कडांना चिकटलेल्या कणकेतच पुढच्या खेपेचे खमीर जिवंत राही. नवी सून घरात आली, तरी खमीर जुनेच चाले. भाजण्यापूर्वी पावावर क्रुसाची खूण करण्याची प्रथा होती. नव्या हंगामातील पहिला पाव समारंभपूर्वक खात. जमिनीवर पडलेला तुकडा उचलून त्याचे चुंबन घेत. पाव उलटा ठेवणे अशुभ समजले जाई. जेवणाऱ्या माणसाला भेटताच ‘यॅत्कु लेइबा’ (पाव पुरो, सरू नये) असे म्हणण्याची रीत आजही प्रचारात आहे. नव्या घरात राहावयास जाणाऱ्यांकडे मीठ व पाव घेऊन जात, म्हणून गृहप्रवेशाच्या मेजवानीलाच ‘सोलालेइब’ (मीठ-पाव) हे नाव मिळाले. टंचाईच्या काळात, विशेषतः वसंत ऋतूत कोठार रिकामे होत आले म्हणजे, न पाखडलेल्या धान्याचा कोंडामिश्रित पाव (आगानालेइब) खावा लागे. निर्भेळ रायचा पाव ही गरिबाच्या दृष्टीने सुबत्ताच होती.

भूदासांचा आहार व जमीनदारांचे स्वयंपाकघर : रोजच्या जेवणात पावाबरोबर खारवलेले हेरिंग मासे, जवाच्या कण्यांची किंवा पिठाची लापशी, आंबट दूध अथवा ताक, आंबवलेला कोबी, वाटाणा, बाकला व सलगम हे पदार्थ असत. बटाटा येण्यापूर्वी सलगमाला मोठे महत्त्व होते. मांस मुख्यतः सणावारी व कष्टाच्या हंगामात मिळे. पेय म्हणून पातळ आंबट बिअर घेत. घरातील सर्वजण मेजावरील एकाच वाडग्यातून आपापल्या लाकडी चमच्याने खात. कामा हे पीठ विशेष उल्लेखनीय आहे. जव, राय, ओट व वाटाणा भाजून-दळून एकत्र केलेले हे पीठ आंबट दुधात कालवून खात. शिजवावे लागत नसल्याने शेतावर व प्रवासात ते सोयीचे ठरे. महाराष्ट्रातील सातूच्या पिठाशी त्याचे तयार करण्याच्या व खाण्याच्या पद्धतीत बरेच साम्य आहे.

जमीनदारांच्या वाड्यांत जर्मन पद्धतीचा स्वयंपाक होई. एस्टोनियन भाषेत ‘साक्स’ या शब्दाचे ‘जर्मन’ आणि ‘धनीलोक’ असे दोन्ही अर्थ आहेत. गव्हाचा पांढरा पाव, कॉफी व साखर ही ‘साक्स’ लोकांच्या राहणीची चिन्हे होती. आपली भाषा व वेश टाकून जर्मन वळण गिरवणाऱ्या एस्टोनियनाला उपहासाने ‘काडाकासाक्स’ (जुनिपरच्या झुडपातला जर्मन) म्हणत. कोण काय खातो यावरून तो कोणत्या वर्गाचा व पर्यायाने कोणत्या भाषेचा, हे ठरत असे.

एस्टोनियन भाषेतील पहिले पाकशास्त्रावरील पुस्तक १७८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते काइसा वार्ग या स्वीडिश लेखिकेच्या ग्रंथावरून योहान लिथांडर याने तयार केले होते. शेतकऱ्याच्या घरी उपयोगी पडेल असे त्यात फारसे काही नव्हते. जमीनदाराच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या एस्टोनियन आचाऱ्याला धन्याच्या आवडीचे पदार्थ करता यावेत, हा त्याचा उद्देश होता. शेतकऱ्यांच्या राहणीचे व आहाराचे वर्णन मात्र आउगुस्ट व्हिल्हेल्म हुपेल या धर्मोपदेशकाच्या लिव्होनिया व एस्टोनियाविषयक जर्मन ग्रंथात (१७७४–८२) आढळते. असे असले, तरी या दोन स्वयंपाकघरांमधील भिंत अभेद्य नव्हती. वाड्यात काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांमार्फत अनेक पदार्थ खेड्यात उतरले. बटाटा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला आणि एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरला. जमीनदारांना तो मद्य गाळण्यासाठी, तर शेतकऱ्यांना दुष्काळातील आधार म्हणून हवा होता.

सणवार व विधी : एस्टोनियन पंचांगात ख्रिस्ती सण व त्यांहून जुन्या समजुती एकमेकांत मिसळलेल्या आहेत. शरद ऋतूच्या अखेरीस ‘आत्म्यांचा काळ’ पाळीत. त्या दिवसांत पूर्वजांचे आत्मे घरी येतात असे मानून त्यांच्यासाठी अन्न मांडून ठेवीत. नाताळच्या रात्रीही मेजावरील अन्न आवरीत नसत. नाताळला एस्टोनियन भाषेत ‘योउलुद’ हे स्कँडिनेव्हियन मूळचे ख्रिस्तपूर्व नाव आहे. त्यासाठी डुक्कर पोसून मारीत आणि त्याच्या रक्तात जवाच्या कण्या व मरवा मिसळून आतड्यांत भरलेले ‘वेरिवोर्स्त’ हे सॉसेज करीत. आंबवलेला कोबी व लिंगनबेरी नावाच्या तांबड्या आंबट रानफळांचा मुरंबा यांसह ते खातात. त्या रात्री सात, नऊ किंवा बारा वेळा खावे, म्हणजे वर्षभर बळ टिकते, अशी समजूत होती. श्रोव्ह ट्यूसडेला डुकराच्या पायांचे व वाटाण्याचे किंवा बाकल्याचे सार, सेंट मार्टिनच्या दिवशी (१० नोव्हेंबर) हंस आणि २४ जूनच्या योहानदिनी बिअर व ताजे चीज असे पदार्थ ठरलेले असत. लग्नकार्याची बिअर घरीच तयार करीत. सारेमा बेटावर ही कला आजही टिकून आहे. गाळण्यासाठी जुनिपरच्या फांद्या वापरीत आणि डाग देऊन नक्षी केलेल्या झाकणाच्या लाकडी पात्रांतून ती देत.

राष्ट्रीय जागृती : एस्टोनियाच्या उत्तर भागात १८१६ मध्ये व दक्षिण भागात १८१९ मध्ये भूदासत्व कायद्याने नष्ट झाले, पण जमीन जमीनदारांकडेच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकरी शेते विकत घेऊ लागले आणि स्वतःच्या कोठाराचा धनी असलेला स्वतंत्र शेतकरीवर्ग उदयास आला. या लोकांचे स्वतःसाठीचे जुने नाव ‘मारह्वास’ (भूमीचे लोक) असे होते. १८५७ मध्ये योहान व्होल्डेमार यान्सेन याने सुरू केलेल्या वृत्तपत्राने त्यांना ‘एस्टोनियन’ म्हणून संबोधण्यास आरंभ केला. १८६७-६८ च्या नापिकीने पुन्हा उपासमार ओढवली होती. तिच्या आठवणी ताज्या असतानाच १८६९ मध्ये टार्टू येथे पहिला गीतमहोत्सव भरला.

राष्ट्रीय चळवळीच्या आरंभीच्या नेत्यांचे लक्ष भाषा, गीत व शिक्षण यांवर होते. स्वयंपाकाला राष्ट्रीय ठेवा मानण्याची कल्पना त्यांच्यापुढे नव्हती. उलट, प्रगती म्हणजे काळ्या पावाकडून पांढऱ्याकडे व लापशीकडून कॉफीकडे, असाच सुधारलेल्या शेतकऱ्यांचा कल होता. तथापि, याकोब हुर्ट याने १८८८ मध्ये केलेल्या आवाहनाला प्रतिसाद देऊन खेडोपाडीच्या लोकांनी पाठविलेल्या लोकसाहित्याच्या एक लाखाहून अधिक पृष्ठांत पाव, पेरणी, दळण व बिअर यांविषयीची गीते, म्हणी व समजुती विपुल प्रमाणात आल्या. हुर्टच्या स्मरणार्थ १९०९ मध्ये टार्टू येथे स्थापन झालेल्या एस्टोनियन राष्ट्रीय संग्रहालयाने काथवटी, चमचे, बिअरची पात्रे अशा वस्तू गोळा केल्या. धान्याची काथवट जपून ठेवण्याजोगी आहे, हा विचारच नवा होता. १८८९ पासून स्थापन झालेल्या मद्यपाननिषेधक संस्था हाही राष्ट्रीय चळवळीचा एक भाग होता. जमीनदारांचे भट्टीखाने शेतकऱ्याचे धान्य व त्याची शुद्ध दोन्ही गिळतात, अशी त्यामागे भावना होती.

पहिला स्वातंत्र्यकाळ (१९१८–४०) : १९१९ च्या भूमिसुधारणा कायद्याने जमीनदारांच्या जमिनी सरकारजमा झाल्या व पन्नास हजारांहून अधिक नवी शेतघरे निर्माण झाली. छोट्या शेतकऱ्यांचे हे प्रजासत्ताक लोणी व बेकन यांच्या निर्यातीवर उभे राहिले. ब्रिटन व जर्मनी हे मुख्य ग्राहक होते. सहकारी दुग्धालये, गृहविज्ञानाच्या शाळा व शेतकरी गृहिणींसाठीची नियतकालिके यांनी आहारसुधारणेचा प्रचार केला. एकाच वाडग्यातून जेवण्याची पद्धत मागे पडून स्वतंत्र ताटल्या रूढ झाल्या आणि भाजीपाला, दूध व अंडी यांचे प्रमाण वाढले. ज्याला आज ‘एस्टोनियन घरगुती जेवण’ म्हणतात, त्यातील बराच भाग या काळात स्थिर झाला. डुकराचे भाजलेले मांस, बटाटे व कोबी, मांसाच्या घट्ट रशात गोठवलेले ‘स्युल्त’, बीट व हेरिंगची ‘रोसोल्ये’ नावाची कोशिंबीर, वाढदिवसाचा वेटोळ्या आकाराचा ‘क्रिंगेल’ हे पदार्थ त्यांत येतात. यांतील अनेकांचे मूळ जर्मन स्वयंपाकघरात आहे. बाल्टिक जर्मन समाज १९३९–४१ मध्ये देश सोडून गेला. त्याचे पदार्थ मात्र एस्टोनियन म्हणून मागे राहिले.

मसाल्यात मुरवलेले ‘किलू’ (स्प्रॅट) मासे रशियन साम्राज्याच्या काळापासून टॅलिनची खासियत होते. त्यांच्या डब्यांवर समुद्रावरून दिसणाऱ्या टॅलिनचे, मनोरे व तटबंदीचे चित्र छापलेले असे. त्यामुळे शहराच्या या दर्शनालाच एस्टोनियन भाषेत ‘किलूच्या डब्यावरील आकृती’ म्हणतात. काळ्या पावाच्या फोडीवर लोणी, किलू व उकडलेले अंडे ठेवलेला पदार्थ स्वातंत्र्यदिनी (२४ फेब्रुवारी) आवर्जून केला जातो.

सोव्हिएट कालखंड व देशांतर : १९४० मध्ये सोव्हिएट संघाने देश बळकावला. १९४१–४४ मधील जर्मन अंमलानंतर तो पुन्हा सोव्हिएट सत्तेखाली गेला. जून १९४१ मध्ये हजारो लोकांना आणि मार्च १९४९ मध्ये वीस हजारांहून अधिक लोकांना सायबीरियात हद्दपार करण्यात आले. दुसऱ्या हद्दपारीनंतर भयभीत झालेले शेतकरी थोड्याच अवधीत सामुदायिक शेतांत सामील झाले. शेतघर, त्याचे कोठार व त्याची भट्टी यांवर उभी असलेली अन्नव्यवस्था अशा रीतीने मोडली. एस्टोनियातील दूध व मांस संघराज्याच्या मोठ्या शहरांकडे जाई आणि स्थानिक दुकानांत टंचाई असे. सतराव्या शतकातील कोठाराची विसंगती नव्या स्वरूपात पुन्हा अनुभवास आली.

या काळात अस्मितेचा आधार घराच्या परसात व अरण्यात सापडला. खाजगी वापरासाठी मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यावर बटाटे, काकड्या व फळझाडे लावणे, रानफळे व अळंबी गोळा करणे, ती बरण्यांत भरून तळघरात साठवणे हा सर्व थरांतील कुटुंबांचा उद्योग झाला. नाताळ हा सार्वजनिक सण राहिला नाही व त्याऐवजी नववर्षाचा उत्सव पुढे करण्यात आला. बंद दाराआड मात्र वेरिवोर्स्त, कोबी व मेणबत्त्या यांसह नाताळ साजरा होत राहिला. झेंडा फडकावणे व राष्ट्रगीत म्हणणे दंडनीय असलेल्या काळात सॉसेज करण्यास कोणी हरकत घेऊ शकत नव्हते. दुसऱ्या बाजूने सेलियांका हे आंबट सार, पेल्मेनी व शाश्लिक हे संघराज्याच्या इतर भागांतील पदार्थ उपाहारगृहांतून व कारखान्यांच्या भोजनालयांतून आले आणि रुळले. चॉकलेटचे वेष्टन असलेली दह्याच्या चक्क्याची वडी (कोहुके) याच काळातील आहे. १९७० नंतरच्या दशकात कोकोच्या टंचाईमुळे टॅलिनच्या कालेव्ह कारखान्याने कामा पिठाची वडी काढली. नाइलाजातून निघालेला हा जिन्नस पुढे लोकप्रिय झाला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय फूल म्हणून ज्याची निवड झाली, ते निळे फूल रायच्या शेतात उगवणारे असून त्याचे नावच ‘रुक्किलिल्ल’ (रायचे फूल) असे आहे.

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यासही याच काळात पुढे गेला. आलीसे मोरा (१९००–९६) या मानवजातिशास्त्रज्ञ विदुषीने एस्टोनियन शेतकऱ्यांच्या जुन्या आहारावर लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला भाग १९८० मध्ये व दुसरा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या भागाच्या प्रकाशनाचे वर्ष व स्वातंत्र्यप्राप्तीचे वर्ष एकच, हा योगायोग लक्षणीय आहे.

१९४४ मध्ये सत्तर हजारांहून अधिक एस्टोनियन समुद्रमार्गे स्वीडन व जर्मनीला पळून गेले. त्यांतील अनेक जण पुढे कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झाले. तेथील एस्टोनियन वसाहतींत भाषा, गायनवृंद व काळा पाव हे तिन्ही एकत्र जपले गेले. टोराँटो किंवा सिडनी येथे जन्मलेल्या तिसऱ्या पिढीची भाषा तुटली, तरी नाताळचे सॉसेज, क्रिंगेल व रोसोल्ये टिकून राहिले. मायदेशी व परदेशी अशा दोन्ही ठिकाणी एकमेकांशी संपर्क नसताना एकाच पदार्थांची निवड झाली, यावरून या पदार्थांचे राष्ट्रीय स्थान १९४० पूर्वीच निश्चित झाले असावे, असे अनुमान काढता येते.

प्रादेशिक वैविध्य : देश लहान असूनही प्रादेशिक भेद ठळक आहेत. दक्षिणेकडील मुल्गीमा भागातील शेतकरी जवसाच्या धाग्याच्या व्यापारावर सधन झाले व त्यांनी इतरांच्या आधी शेते विकत घेतली. त्यांचे ‘मुल्गीपुदेर’ म्हणजे बटाटा व जवाच्या कण्या एकत्र घोटून वर डुकराची परतलेली चरबी व कांदा घातलेले दाट अन्न होय. यातील बटाटा हा उशिरा आलेला परका कंद असला, तरी २०२४ मध्ये यूनेस्कोने हे अन्न शिजवण्याची व खाण्याची परंपरा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली. वोरुमा भागात धुराडे नसलेल्या स्नानगृहात मांस धुरावतात. या स्नानगृहाची परंपरा २०१४ मध्ये त्याच यादीत आली. बेटांवर व पश्चिम किनाऱ्यावर धुरावलेले चपटे मासे व बाम, खारवलेले हेरिंग आणि पूर्वी सीलचे मांस हे आहाराचे विशेष होत. बाल्टिक हेरिंग (रॅइम) हा २००७ पासून राष्ट्रीय मासा आहे.

आग्नेयेकडील सेतोमा हा ऑर्थोडॉक्स पंथीय सेतो लोकांचा प्रदेश होय. शहाजिरे घातलेले ‘सोइर’ हे चीज त्यांची खूण आहे. चर्चच्या ठरावीक सणांना आप्तांच्या थडग्यांवर वस्त्र अंथरून मृतांसह भोजन करण्याची त्यांची प्रथा आजही पाळली जाते. १९९१ नंतर सेतोमाचा प्रदेश एस्टोनिया व रशिया यांच्या सीमेने दुभंगला. त्यामुळे काहींची गावे एका देशात व पूर्वजांची थडगी दुसऱ्या देशात अशी अवस्था झाली आहे.

अल्पसंख्य समाज : पेइप्सी सरोवराच्या पश्चिम काठावर रशियन ‘जुने श्रद्धावंत’ राहतात. सतराव्या शतकातील धर्मसुधारणा अमान्य करून त्यांचे पूर्वज येथे आश्रयास आले. उंच वाफ्यांवर कांदा पिकवणे, सरोवरातील मासे सुकवणे व समोवारमधील चहा ही त्यांची वैशिष्ट्ये होत. सोव्हिएट काळात कारखान्यांसाठी आलेल्या व त्यांच्या वंशजांच्या रशियन भाषिक समाजाचे स्थान मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. देशाच्या लोकसंख्येत रशियनांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश आहे. त्यांचे पदार्थ एस्टोनियनांच्या रोजच्या जेवणात मिसळलेले असले, तरी ‘राष्ट्रीय’ म्हणून मांडल्या जाणाऱ्या जेवणात त्यांना क्वचितच स्थान मिळते. बाल्टिक जर्मनांचे अन्न शंभर वर्षांत आपले ठरले. रशियन अन्नाच्या बाबतीत राज्यसत्तेची आठवण अजून ताजी आहे. कोणते उसने घेतलेले आपले म्हणावे व कोणते परके, याचा निर्णय चवीवरून होत नाही, तो इतिहासावरून होतो, हे यावरून स्पष्ट होते.

१९९१ नंतर : स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास अन्नटंचाई इतकी होती, की शिधापत्रिकांचा अवलंब करावा लागला. जून १९९२ मध्ये स्वतंत्र चलन सुरू झाल्यावर दुकाने भरली. परंतु सामुदायिक शेते मोडीत निघाली, आयात माल स्वस्तात मिळू लागला आणि स्थानिक शेती अडचणीत आली. आरंभीच्या दशकात पाश्चात्त्य पदार्थांचे आकर्षण प्रबळ होते. २००४ मध्ये एस्टोनिया यूरोपीय संघाचा सदस्य झाल्यावर स्थानिक मालाला स्वतंत्र ओळख देण्याची निकड भासू लागली. घरी पाव भाजण्याची हौस पुन्हा वाढली, छोट्या भट्ट्या व बिअरचे कारखाने निघाले आणि आचारी राय, रानफळे, अळंबी, कामा यांकडे नव्या दृष्टीने पाहू लागले. २०२२ मध्ये मिशेलिन या प्रसिद्ध उपाहारगृह-मार्गदर्शिकेत बाल्टिक देशांपैकी प्रथम एस्टोनियाचा समावेश झाला. एकेकाळी जमीनदाराच्या मेजावर ज्याला जागा नव्हती, ते अन्न आता उंची उपाहारगृहांत मानाने वाढले जाते. मात्र ज्या शेतकऱ्याच्या आहारातून ते आले, त्याची संख्या घटत गेली असून काळ्या पावाचा रोजचा वापरही पूर्वीच्या मानाने कमी झाला आहे.

मूल्यमापन : एस्टोनियन खाद्यपदार्थांची नावे पाहता त्यांतील उसनवारी सहज ध्यानात येते. ‘लेइब’ हा शब्दच मूळ जर्मानिक भाषाकुलातून आलेला असून ‘कार्तुल’ (बटाटा), ‘वोर्स्त’ (सॉसेज), ‘स्युल्त’ हे जर्मनमधून व ‘पिरुकास’ (सारण भरलेला पाव) रशियनमधून आला आहे. पदार्थांच्या मौलिकतेवर राष्ट्रीयत्व ठरवावयाचे, तर एस्टोनियनांपाशी कामा व आणखी काही थोडे पदार्थ उरतील आणि कामाचेही जवळचे नातलग फिनलंडमध्ये आढळतात. तेव्हा या अस्मितेचा आधार अन्यत्र शोधावा लागतो. परकीय सत्तांनी भूमी, राज्य, धर्म व काही काळ इतिहासलेखनही ताब्यात घेतले. पण काथवटीतील खमीर, तळघरातील बरणी व नाताळचे मेज कुटुंबाकडेच राहिले. उसने घेतलेले पदार्थ या खाजगी क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या शिजत राहिल्यानेच ते एस्टोनियन झाले. लहान राष्ट्रांच्या सांस्कृतिक इतिहासात राजवाडे व ग्रंथ यांच्या जोडीने स्वयंपाकघरालाही साधनाचे स्थान का द्यावे लागते, याचे एस्टोनिया हे एक स्पष्ट उदाहरण होय.